मदत हवी आहे: ‘क्शिझात्सी’ अख्खा दाखवू की नको?

मंडळी, आमच्या सात-आठ जणांच्या शनिवारच्या कट्ट्यावर पुढचा सिनेमा मी निवडायचाय. मनात आहे अलेक्सांडर फोर्डचा १९६० चा पोलिश सिनेमा ‘क्शिझात्सी’: पोलिश लेखक सिएन्कीएविचच्या कादंबरीवरचा, पोलंडने ट्यूटॉनिक सरदारांशी (म्हणजे जर्मन धर्मयोद्ध्यांशी) केलेल्या १४१० च्या ग्रुनवाल्डच्या लढाईचा. दोघांनी आधीच पाहिलाय आणि त्यांचं पार वाजलंय. एक म्हणतो, रंग आणि घोडदळ बघूनच पैसे वसूल. दुसऱ्याच्या मते सगळा नाटकी प्रकार. ट्यूटॉनिक सरदार म्हणजे पांढऱ्या झग्यातले नाझीच! (महायुद्ध संपून जेमतेम पंधरा वर्षं झाली होती, मग दुसरं काय होणार?)

मला स्वतःला लढाईपेक्षा त्यातला युरांड हा पोलिश सरदार भिडला. आंधळा केलेला, जीभ छाटलेली, उजवा हात तोडलेला. आणि ज्याने हे केलं तोच बांधून समोर आणल्यावर हा त्याला सोडून देतो. पण तिथवर पोचायला बराच धीर धरावा लागतो, हेही खरं.

तर ज्यांनी पाहिलाय त्यांनी सांगा: नवख्यांसमोर सलग लावू, की मध्यंतर घेऊन? आणि सुरुवातीला इतिहास किती सांगू? लढाईआधी पोलंडचा राजा यागिएवो याला शत्रूने पाठवलेल्या दोन नागव्या तलवारींचा अर्थ आधीच फोडला तर मजा जाईल का?