३९ चा पीक सगळ्यात उंच, मग कणात पोटॅशियमच जास्त का?

धूलिकण
हवेतल्या एकेका कणाचा मास स्पेक्ट्रम (कण फोडून निघालेल्या आयनांचा वस्तुमानानुसार आलेख) घेणाऱ्या मशीनवर नुकतंच काम सुरू केलंय. कण ५३२ नॅनोमीटरच्या दोन लेझरमधून जातो, मधल्या वेळेवरून साइज कळते, मग २६६ चा पल्स बसून कण फुटतो, इथपर्यंत समजलं. पण जवळजवळ प्रत्येक कणात ३९ चा, म्हणजे पोटॅशियमचा, पीक खांबासारखा उभा! लाकूड जळलं की धुरात पोटॅशियम येतं, त्यावरून मी लिहून टाकलं की हवेत लाकूड-पालापाचोळ्याचा धूर जास्त आहे, तर सरांनी त्यावर मोठं प्रश्नचिन्ह काढलं. चुकलं कुठे? आणि कणात बॅक्टेरिया असले तर त्यांची प्रोटीन्स का दिसत नाहीत, माल्डीत (नमुना दुसऱ्या पदार्थात मिसळून त्यावर लेझर मारायची पद्धत) दिसतात की, तिथेही लेझरच असतो ना?

जुना_स्पेक्ट्रोवाला
सरांचं बरोबर आहे. पीकची उंची म्हणजे प्रमाण नाही, हे आधी डोक्यात पक्कं बसव. पोटॅशियमचा इलेक्ट्रॉन काढायला ४.३४ इलेक्ट्रॉनव्होल्ट पुरतात आणि २६६ च्या एका फोटॉनमध्येच ४.६६ असतात, त्यामुळे कणात चिमूटभर पोटॅशियम असलं तरी ते बाकी सगळ्यांना झाकून टाकतं. उलट शुद्ध अमोनियम सल्फेटचा कण हा लेझर फारसा शोषतच नाही, पल्स नेमका बसूनही बऱ्याचदा स्पेक्ट्रम कोरा येतो. म्हणजे दिसलं नाही म्हणून ते नाहीच, असंही म्हणता येत नाही.

आता ४१ बघ. पोटॅशियमचा स्वतःचा ४१ (त्याचाच जड समस्थानिक) हा ३९ च्या साधारण ७ टक्के असतो, त्याहून बराच जास्त दिसला तर सेंद्रिय तुकडा मिसळलाय. पोटॅशियम मातीच्या धुळीतही असतं, मग सोबत ॲल्युमिनियमचा २७ वगैरे दिसतो. धूर म्हणायचाच तर निगेटिव्ह आयनांच्या बाजूला ४५, ५९, ७१ शोध, ते लेव्होग्लुकोसानचे तुकडे, सेल्युलोज जळलं की तयार होतं ते.

मॅट्रिक्सताई
प्रोटीनचं मी सांगते. माल्डीत लेझर थेट प्रोटीनवर पडत नाही गं/रे, मॅट्रिक्सचे, म्हणजे सोबत मिसळलेल्या लेझर शोषणाऱ्या पदार्थाचे, स्फटिक तो मार झेलतात आणि प्रोटीनला अख्खंच्या अख्खं उचलून वर नेतात, म्हणून बॅक्टेरियाची २,००० ते २०,००० डाल्टनची (डाल्टन म्हणजे रेणूंच्या वस्तुमानाचं एकक) रायबोसोमल प्रोटीन्स शाबूत दिसतात. जपानच्या कोइची तानाका यांनी तर कोबाल्टच्या बारीक भुकटीत चुकून ग्लिसरीन पडलं ते फेकून न देता तेच वापरून बघितलं, त्यातून पुढे २००२ चं नोबेल! (त्यांची पद्धत माल्डीहून वेगळी, पण मधे कुणीतरी मार झेलायचा हा विचार तोच.) तुझ्या मशीनमध्ये कण उडत येतो आणि पल्स थेट त्याच्यावर, प्रोटीनचा पार चुरा होतो. दोन लेझरवाली मशीन्स असतात, आधी इन्फ्रारेडने हलकेच वाफ करायची मग यूव्हीने आयन, त्यात धुरातले पीएएच (जोडलेल्या बेंझिन कड्यांचे सेंद्रिय रेणू) छान टिकतात, पण एवढं मोठं प्रोटीन त्यातही नाही.

धूलिकण
४१ काढला, बऱ्याच कणांत २० टक्क्यांच्या वर येतोय. म्हणजे सेंद्रिय ना?

जुना_स्पेक्ट्रोवाला
थांब, ३९ चा माथा सपाट दिसतोय का? डिटेक्टर सॅच्युरेट झाला की ३९ कापला जातो आणि गुणोत्तर आपोआप फुगतं.

धूलिकण
आत्ता झूम करून बघितलं, निम्म्याहून जास्त कणांत माथा सपाट आहे. ते बाजूला काढून उरलेल्यांवर परत बसते.