टाइप वन डायबिटीस आहे, २०० किमीची ब्रेवेट (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब सायकल राइड) करायची आहे, त्या दिवशी इन्सुलिनचं कसं करायचं?

संत्राबाग_कारंजा

नमस्कार सगळ्यांना. मी कारंजा घाडगेच्या बाजूच्या खेड्यातली, वय २४, टाइप वन शाळेत होती तेव्हापासून. इन्सुलिन रात्री ग्लार्जिन (दिवसभर हळूहळू चालणारं) आणि जेवणाआधी रॅपिडवाली (लवकर काम करणारी), दोन्ही पेनने. पंप वगैरे नाही. सायकल रोजची आहे, कोंढाळीपर्यंत जाऊन येणं आता आरामात होते, आणि दिवाळीनंतर नागपूरची २०० किमी ब्रेवेट करायचं पक्कं मनात घेतलं आहे. रूट अजून आला नाही पण अमरावती रोडच असेल असं सगळे म्हणून राहिले.

आता अडचण अशी की गावात ज्याला विचारावं तो म्हणते एवढी सायकल चालवली की शुगर अशीच खाली येते, त्या दिवशी इन्सुलिन घेऊच नको. एका दवाखान्यात विचारलं तर तिथे उलटंच, सायकलच बंद करा म्हणाले, पुढे काही ऐकूनच घेतलं नाही. आई तर विषयच काढू देत नाही. तीन-चार तासाच्या राइडचा मला अंदाज आहे, पण दिवसभर सायकलवर राहायचं म्हणजे रात्रीची ग्लार्जिन किती, सकाळच्या नाश्त्याला किती, रस्त्यात काय खायचं, पेन उन्हात कसं ठेवायचं, हे कोणी प्रत्यक्ष केलेलं असेल तर सांगा प्लीज. शुगर सतत दाखवणारा सेन्सर नेहमी परवडत नाही पण त्या पंधरवड्यासाठी एक लावणार आहे.

अकोला_पेडल

ताई, मी टाइप वन आहे आणि ब्रेवेट करतो, म्हणून आधी एकच गोष्ट सांगतो, ते "घेऊच नको" डोक्यातून काढून टाका. इन्सुलिन कमी करायचं असते, बंद नाही. अंगात इन्सुलिनच नसलं की रक्तात साखर कितीही असो, स्नायूंना ती नीट वापरता येत नाही, लिव्हर आणखी साखर सोडत राहते, शरीर चरबी जाळायला लागते आणि कीटोन बनतात. म्हणजे शुगर ३५०, उलटीसारखं वाटते, पायात जीव नाही, आणि बाजूचा म्हणते थकली असेल. तो केटोअॅसिडोसिसचा (कीटोन साचून रक्त आम्लधर्मी होण्याचा) रस्ता आहे, आणि हायवेवर मधातच कुठं तसं झालं तर फार कठीण.

आकडे तुमच्या डॉक्टरकडून ठरवून घ्या, शक्यतो एंडोक्रिनॉलॉजिस्टकडून (हार्मोनच्या डॉक्टरकडून), नागपुरात आहेत. पण बोलायला सुरुवात म्हणून सांगतो, लांब राइडच्या आदल्या रात्री ग्लार्जिन साधारण २० टक्के कमी करतात. सकाळचा नाश्ता सुटायच्या दोन तासाच्या आत असेल तर त्याचा बोलस (जेवणाआधीचा रॅपिडचा डोस) अर्ध्यावर आणतात, कोणाला पाऊण कमी करावा लागते तर कोणाला पावच. हे तुमचं तुम्हालाच सरावातून समजते. आणि सुई पोटावर घ्या, मांडीवर नको, पेडल मारताना मांडीतलं इन्सुलिन भराभर रक्तात उतरते.

सुटताना शुगर १२६ ते १८० मध्ये असली तर मस्त. ९० च्या खाली असेल तर आधी १०-२० ग्रॅम कार्ब (कार्बोहायड्रेट) खा आणि वर आल्यावरच निघा. २५०-२७० च्या वर असेल तर कीटोन तपासा, रक्तातले कीटोन १.५ किंवा जास्त निघाले तर त्या दिवशी सायकल नाही म्हणजे नाही. पण एक लक्षात ठेवा, स्टार्टला सगळे जमले, धडधड होऊन राहिली, की शुगर तशीही वर जाते. ती अॅड्रेनालिनची असते, अर्ध्या-पाऊण तासात आपोआप उतरते. तिला पाहून करेक्शन (शुगर उतरवायचा जादा डोस) मारलं की पुढे बुटीबोरी असो का बाजारगाव, लो (शुगर फार खाली जाणं) ठरलेलीच.

खाणं दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब, पहिल्या तासापासूनच, भूक लागायची वाट पाहू नका. मध्यम केळं २०-२५ ग्रॅम पकडा, पार्लेजीच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ७७, पुड्यावर मागे छापलेलं असते. लो झाली तर मात्र चिक्की, लाडू, चॉकलेट कामाचं नाही, त्यात तेल-तूप असते म्हणून उशिरा चढते. साधी ग्लुकोज पावडर १५-१५ ग्रॅमच्या पुड्या बांधून जर्सीच्या खिशात ठेवा, बॅगेत नको, हात थरथरत असताना चेन उघडत नाही. ७० च्या खाली आली की थांबायचं, एक पुडी, १५ मिनिटं, परत तपासायचं. मी १०० च्या वर गेल्याशिवाय पेडलवर पाय ठेवत नाही. ५४ च्या खाली गेली असेल तर राइड तिथंच संपली असं समजा.

सेन्सरचं पण सांगून ठेवतो, तो रक्तातली नाही, कातडीखालच्या पाण्यातली शुगर दाखवते, त्यामुळे पाच-दहा मिनिटं मागे असते आणि राइडमध्ये जास्तच. ९५ आणि बाण खाली म्हणजे खरी ७५ असू शकते. आकड्यापेक्षा बाण पाहा.

रातकिडा_नागपूर

मला डायबिटीस नाही, ब्रेवेटचं सांगतो. २०० ला साडेतेरा तास मिळतात, थांबे धरून ताशी १५ च्याही खाली अॅव्हरेज चालते. सकाळी ६ ला सुटलात तर संध्याकाळी साडेसातपर्यंत वेळ आहे. म्हणजे लो झाली, वीस-पंचवीस मिनिटं झाडाखाली बसलात, असं तीनदा झालं तरी ब्रेवेट जात नाही. ही रेस नाही, नंबर नसतो, हे घरच्यांना सुद्धा सांगा.

घरची गाडी मागे-मागे चालवता येत नाही, बाहेरची मदत फक्त कंट्रोलवर (रस्त्यातल्या ठरलेल्या तपासणी थांब्यांवर) चालते. पण रस्त्यातल्या कोणत्याही दुकानातून घ्यायला मनाई नाही. अमरावती रोडला कोंढाळीच्या पुढे जंगलाचा टप्पा आहे, तुम्हाला तर माहीतच आहे, तिथं दुकानं विरळ, म्हणून कोंढाळीलाच बाटल्या आणि खिसे भरून घ्या. ऑर्गनायझरला फॉर्म भरतानाच टाइप वन आहे म्हणून सांगा, आणि स्टार्टला दोघा-तिघांना पण. आपल्या इथे कोणी लपवायला सांगते, मला ते बिलकुल पटत नाही. सोबत चालवणाऱ्याला माहीत असलं तर तो तुमच्या बोलण्यातला फरक ओळखेल.

यवतमाळची_आई

बेटा, माझ्या मुलाला टाइप वन आहे, म्हणून तुझ्या आईची धास्ती मला समजते. तिला असंच हो म्हणायला लावू नको, तिला काम दे. ग्लुकॅगॉनचं (लो झाल्यावर शुगर वर आणणारं) इंजेक्शन कसं द्यायचं ते तिला शिकव, पावडरमध्ये पाणी घालून हलवायचं असते, एकदा पाहिलं की जमते. आमच्या मेडिकलमध्ये ते मिळालं नाही, मोठ्या शहरातून मागवावं लागलं, तर आतापासूनच बोलून ठेव. आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखरपाणी ओतायचं नाही, कुशीवर करायचं आणि १०८ ला फोन, हे सोबतच्या पोरांनाही सांग.

गळ्यात किंवा खिशात मराठीत लिहिलेलं कार्ड ठेव. मला डायबिटीस आहे, मी बरळत असेन तर मी प्यायलेली नाही, मला साखर द्या, असं ठळक. लो झालेला माणूस लडखडते, आणि ढाब्यावरच्या लोकांना पहिला संशय दारूचाच येते, मग ते जवळ येत नाहीत. पोरीच्या बाबतीत तर आणखीच दूर राहतात.

इन्सुलिनचं म्हणशील तर वापरात असलेलं पेन ३० डिग्रीच्या आत पाहिजे. पाण्यात भिजवून वापरायचे थंड पाऊच मिळतात, बर्फ लागत नाही, तो जर्सीच्या मागच्या खिशात ठेवू नको, पाठ तापते, हँडलच्या बॅगेत वारा लागेल असा ठेव. बर्फाला लावून तर कधीच नाही, गोठलेलं इन्सुलिन कामातून गेलं. घरी लाइन जाते तेव्हा आम्ही दोन मडकी एकात एक, मधात ओली रेती, वर ओलं फडकं, असं ठेवतो, आतलं चांगलं गार राहते.

संत्राबाग_कारंजा

किती आभार मानू तुम्हा सगळ्यांचे. काकू, तुमचा मेसेज आईला वाचून दाखवला, कार्ड ती स्वतः लिहिणार म्हणाली. एक विचारायचं राहिलं, रस्त्यात आमच्याच बागेतली संत्री नेली तर चालतील ना? आणि परत आल्यावर नॉर्मल डोस चालू करायचा ना?

अकोला_पेडल

संत्री न्या की, एका मध्यम संत्र्यात १२-१५ ग्रॅम कार्ब मिळते, पाणी पण. पण संत्रं सोललं आणि त्याच बोटाला टोचलं तर मीटर खोटं बोलते, सालीचा-रसाचा अंश बोटावर राहते आणि खरी ८० असताना २०० च्या वर दाखवू शकते. स्पिरिटच्या बोळ्याने पुसून ते जात नाही, यावर जपानमध्ये अभ्यास झालेला आहे. बाटलीतलं पाणी ओतून बोट धुवा, कोरडं करा, मग टोचा. आणि राइडमध्ये मोठा आकडा दिसला तर परत धुऊन दुसऱ्यांदा तपासल्याशिवाय करेक्शन घेऊ नका, घेतलं तरी नेहमीच्या अर्ध्यापेक्षा जास्त नाही.

परत आल्यावर नॉर्मल नाही! खरी भीती त्या रात्रीचीच आहे. रिकामे झालेले स्नायू रक्तातली साखर ओढत राहतात, २४ तासापर्यंत, आणि झोपेत पहाटे दोन-तीनला लो होते. त्या रात्रीची ग्लार्जिन पण २० टक्के कमी, जेवणाचा बोलस कमी, झोपताना दूध-पोळी किंवा असंच काही, दोन वाजताचा अलार्म, सेन्सरचा लो अलार्म चालू. नागपूरला रूमवर एकट्या झोपू नका, घरी या नाहीतर आईला तिकडे बोलवा.

आईला एक दाखवा, टीम नोवो नॉर्डिस्क नावाची प्रोफेशनल सायकलिंग टीम आहे, २०१३ पासून त्या नावाने, त्यातला प्रत्येक रायडर टाइप वन. मिलान–सान रेमो ही जवळपास ३०० किमीची रेस त्यांनी कितीदा केली आहे.

संत्राबाग_कारंजा

दाखवला फोटो, बराच वेळ पाहत बसली होती. मंगळवारी नागपूरच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली आहे, सगळे आकडे वहीत उतरवून नेते. त्यांनी हो म्हटलं तर पुढच्या रविवारी १०० करून पाहीन, ग्लार्जिन कमी करून.

यवतमाळची_आई

छान. पण शनिवारी दिवसा किंवा रात्री मोठी लो झाली तर रविवार पुढे ढकल बेटा. एकदा लो होऊन गेली की दुसऱ्या दिवशी घाम-थरथर अशी लक्षणं नीट येत नाहीत, शरीर इशारा देत नाही, आणि परत लो व्हायची शक्यता जास्त असते. दुसऱ्याने उठवून साखर द्यावी लागली असेल तर पुढचे २४ तास सायकलला हात नाही, हे डॉक्टरला पण विचारून घे मंगळवारी.