कृष्णविवराजवळच्या क्ष-किरणांची लय: डुलणारा प्रवाह की आत सरकणाऱ्या लाटा?

मूळ मत :
जोडीदार ताऱ्याचे द्रव्य चकतीतून कृष्णविवराकडे ओढले जात असताना बाहेर पडणाऱ्या क्ष-किरणांचे तेज पुष्कळदा जवळपास ठराविक लयीत कमीजास्त होते. माझ्या मते ही लय म्हणजे आतल्या तप्त प्रवाहाचे भोवऱ्यासारखे डुलणे होय. फिरणारे वस्तुमान भोवतालच्या अवकाशालाही फरफटत नेते, हे लेन्स आणि थिरिंग या भौतिकशास्त्रज्ञांनी १९१८ मध्ये गणिताने दाखवले होते; या फरफटीमुळेच तिरका प्रवाह डुलू लागतो. 'एच १७४३-३२२' या कृष्णविवराच्या चार-पाच सेकंदांच्या लयीत लोहाच्या वर्णरेषेची (लोहाच्या अणूंतून ठराविक ऊर्जेला निघणाऱ्या क्ष-किरणांची) ऊर्जा प्रत्येक आवर्तनात वरखाली होते, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रवाह डुलताना चकतीची कधी आपल्याकडे येणारी, तर कधी दूर जाणारी बाजू उजळत असेल, तर हेच दिसायला हवे.

प्रतिसाद :
मला हे पटत नाही. सिग्नस एक्स-१ या कृष्णविवराच्या तेजाचा आलेख बारकाईने पाहिला, तर सरासरी तेज वाढते तशी त्यातली थरथरही त्याच प्रमाणात वाढताना दिसते. म्हणजे बाहेरच्या कड्यांत उठलेले चढउतार आत सरकताना एकमेकांशी गुणले जातात. लयीचे मूळही याच प्रवाहात शोधावे. शिवाय 'जीआरओ जे१६५५-४०' या कृष्णविवरात डुलण्याच्या गणितातून परिवलनाचा अंक (ते स्वतःभोवती किती वेगाने फिरते याचे ० ते १ मधले माप) ०.२९ येतो, तर चकतीच्या उष्णतेवरून तो ०.७ च्या आसपास निघतो. एकाच कृष्णविवराला दोन परिवलने कशी असतील?

मूळ लेखक :
आपला आक्षेप रास्त आहे, पण ०.२९ हा अंक त्या स्रोतात एकत्र दिसलेल्या तीन लयींच्या वारंवारता एकाच त्रिज्येवर, एकट्या कणाच्या कक्षेतून उपजतात असे धरून काढलेला आहे; जाड प्रवाह मात्र अख्खा डुलतो. आणि कृष्णविवर व तारा यांच्या ज्या जोड्यांच्या चकतीकडे आपण कडेने पाहतो, त्यांच्यात ही लय अधिक ठळक असते, ही गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. केवळ द्रव्य कमीजास्त पडल्याने लय उपजत असती, तर आपल्या पाहण्याच्या कोनाने इतका फरक का पडावा?

प्रतिसाद :
कोनाचा मुद्दा मी मान्य करतो. मात्र प्रवाह डुलत असेल तर क्ष-किरणांच्या ध्रुवणाची (त्यांच्या लहरी ज्या दिशेने कंप पावतात तिची) दिशाही लयीबरोबर हलायला हवी, आणि २०२३ मध्ये उजळलेल्या 'स्विफ्ट जे१७२७.८-१६१३' या स्रोतावर ध्रुवण मोजणारी आयएक्सपीई ही अवकाश दुर्बीण रोखली तेव्हा लय स्पष्ट असूनही असा बदल आढळला नाही. 'मॅक्सी जे१८२०+०७०' या कृष्णविवरात तर ही लय २०० किलो इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरच्या, म्हणजे फार जास्त ऊर्जेच्या क्ष-किरणांतही सापडते, त्यामुळे काहीजण प्रवाहाऐवजी कृष्णविवराजवळून वेगाने बाहेर फेकला जाणारा द्रव्याचा झोतच डुलतो असे मानतात. डुलणारे नेमके काय, हे आधी ठरवावे लागेल.