यूएव्ही पंखाचा डायव्हर्जन्स वेग: हाताने ३९, स्क्रिप्टमध्ये सापडतच नाही

फर्मागुडी_यूएव्ही
वेग वाढला की लिफ्ट पंखाला पिळते आणि पिळाने लिफ्ट आणखी वाढते; पंखाचा कडकपणा जिथे हरतो तो डायव्हर्जन्स वेग. आमच्या यूएव्हीचा (मानवरहित विमानाचा) पंख सरळ, टेपर (टोकाकडे निमुळतेपणा) नाही. अर्धा स्पॅन १.२ मी, कॉर्ड (पंखाची रुंदी) ०.२५ मी, इलास्टिक अक्ष (ज्याभोवती पंख पिळतो) ४०% कॉर्डवर, जीजे (पीळ-कडकपणा) २५ न्यूटन-मी², लिफ्टचा उतार (कोनाच्या दर रेडियनमागे लिफ्ट गुणांकातली वाढ) ५.२. लिफ्ट २५% कॉर्डवर धरली, तिथून अक्षापर्यंतचा ऑफसेट ०.०३७५ मी. पंखाचं मूळ पक्कं धरून २.४७×जीजे÷(०.०३७५×कॉर्ड×उतार×स्पॅन²) म्हणजे हवेचा गतिज दाब सुमारे ८८० पास्कल, घनता १.१५ घेतली की ३९ मी/से. पायथॉनच्या स्क्रिप्टमध्ये (रचनेसाठी बीम एलिमेंट, वर लिफ्ट काढायला ८×२० पॅनेलची व्हॉर्टेक्स लॅटिस) ९० मी/से पर्यंत काहीच नाही. बीमचं उभं विस्थापन पॅनेलवर इंटरपोलेट केलंय. पॅनेल वाढवू का?

मांडवी_लोड्स
नको. सरळ पंखात नुसत्या उभ्या विस्थापनाने कोन बदलत नाही, त्यामुळे पीळ पॅनेलपर्यंत पोचतच नाही. मग वाढीव लिफ्ट येणार कुठून? प्रत्येक रिबवर पिळाचा कोनही इंटरपोलेशनमध्ये घ्या. टोकाला १° पीळ देऊन बघा, तिथल्या पॅनेलचा कोन तेवढाच बदलायला हवा. बल परत बीमवर नेताना त्याच मॅट्रिक्सचा ट्रान्सपोज वापरा आणि एकूण बल व अक्षाभोवतीचा मोमेंट दोन्हीकडे जुळतो का ते तपासा. हवेची मॅट्रिक्स सिमेट्रिक नसते. सिमेट्रिकसाठीचा आयगेन सॉल्व्हर लावलात तर तो अर्धीच मॅट्रिक्स वाचतो आणि एररही देत नाही. सर्वांत लहान धन, वास्तव आयगेन मूल्य घ्या, तोच डायव्हर्जन्सचा दाब. लॅटिसमध्ये टोकाची लिफ्ट कमी पडते, म्हणून उत्तर ३९ च्या थोडं वर येईल, ते बरोबरच.

जुवारीकाठ
जीजे मोजलाय की काढलाय? पंखाचं मूळ घट्ट आवळा. टोकाला ४० सेंमी आडवी पट्टी बांधा; एका टोकाला अर्धा किलो खाली, दुसऱ्याला कप्पीवरून अर्धा किलो वर, म्हणजे १.९६ न्यूटन-मी निव्वळ पीळ. पट्टीवर लेझर, ३ मी वर भिंत: जीजे खरंच २५ असेल तर ठिपका २८ सेंमीच्या आसपास सरकेल. क्लॅम्पजवळही कोन मोजून वजा करा, कारण तिथला सैलपणा पंखाच्या खात्यात जमा होतो. रिब बाल्साचे असतील तर आपल्याकडच्या पावसाळ्यात ओलावा शोषून लाकूड मऊ पडतं. मेमधल्या मोजमापावर जुलैचं उड्डाण ठरवू नका.

फर्मागुडी_यूएव्ही
काढलेला आहे, मोजतो. वेग कमी पडला तर स्पार (पंखाची मुख्य तुळई) आणि त्याबरोबर इलास्टिक अक्ष पुढे ३०% वर आणला की चालेल ना?

मांडवी_लोड्स
डायव्हर्जन्सपुरतं हो, ऑफसेट एक तृतीयांश उरतो. पण एलेरॉन रिव्हर्सलचा वेग (ज्यावर पंख पिळून एलेरॉनचा परिणाम उलटतो) साध्या सिद्धान्तात त्या ऑफसेटवर अवलंबूनच नसतो. तिथे पीळ-कडकपणाच लागतो. स्पारपुढच्या डी-बॉक्सला (पंखाच्या पुढच्या बंद पेटीला) ±४५° धाग्यांचं कापड द्या, मग रोल इफेक्टिव्हनेसचा (एलेरॉनने विमान किती कलतं त्याचा) आलेख वेगाप्रमाणे काढा. तो निम्म्यावर येतो त्याच्या बराच आत कमाल वेग ठेवा.