मदत हवी आहे : पतसंस्थेचे जुने पीसी फॉरमॅट करायचेत, ३२ बिट ठेवू की ६४?

नमस्कार मंडळी,

तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेत हिशेबनीस आहे. 'याला कॉम्प्युटरमधलं कळतं' अशी ख्याती असल्यामुळे हे काम माझ्या गळ्यात पडलंय.

पाच डेल ऑप्टिप्लेक्स ३०२० आहेत. चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. सगळ्यांवर विंडोज १०, एकावर ३२ बिट (जुन्या धाटणीची आवृत्ती), बाकी चारांवर ६४ बिट (नव्या धाटणीची). सकाळी बटण दाबून देवाला उदबत्ती लावावी, तिजोरी उघडून कॅश मोजावी, तरी डेस्कटॉप आलेला नसतो. दोन मशीनवर कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट विंडोज' कायमचं मुक्कामाला. दुकानदाराच्या बिलावर मात्र 'ओरिजिनल' लिहिलंय!

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, त्यावर ऑडिटरसाहेबांनी शेरा मारला. नवीन मशीनचं मार्चनंतर बघू, असं संचालक मंडळ म्हणतंय. तोवर हीच साफ करून चालवायची.

खरी अडचण पुढे आहे. जुनी ठेवखाती फॉक्सप्रोत, म्हणजे विंडोजच्या आधीच्या डॉसच्या जमान्यातल्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत. रोजचं काम नव्या सॉफ्टवेअरवर चालतं, पण कुणाचा वारस जुनी पावती घेऊन आला की तिकडेच जावं लागतं. ते फक्त एका मशीनवर उघडतं, तिथे ३२ बिट विंडोज आहे. बाकी चारांवर 'हे ॲप तुमच्या पीसीवर चालणार नाही' म्हणून हात वर.

दुसरं, वसुलीच्या नोटिसा जुन्या 'सुरेख' फाँटमध्ये आहेत. फाँट नसलेल्या मशीनवर उघडलं की थकबाकीदाराच्या नावाजागी नुसती इंग्रजी चिन्हांची खिचडी.

तिसरं, पेनड्राइव्हवरून एका मशीनवर इन्स्टॉल करायला घेतलं, तर डिस्क निवडायच्या पानावर अडलं. डिस्क एमबीआर (विभागणीची जुनी पद्धत) आहे, ईएफआय (मशीन सुरू करायची नवी पद्धत) सिस्टिमला जीपीटीच (विभागणीची नवी पद्धत) लागते म्हणे. सगळे पार्टिशन (डिस्कचे भाग) उडवायचे का? डी ड्राइव्हमध्ये स्कॅन केलेली कर्जप्रकरणं आहेत.

प्रतिसाद १ (जुनाखोका)

थांबा, काहीही उडवू नका! आधी डी ड्राइव्ह बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि त्यातल्या चार फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. कॉपी झाली म्हणजे बॅकअप झाला असं नसतं.

मग चालू करताना एफ-१२ दाबा. यादीत पेनड्राइव्ह लेगसीखाली (सुरू करायची जुनी पद्धत) दिसतोय की यूईएफआयखाली (तुमचं ते ईएफआय), ते बघा. लेगसीखालचा निवडलात तर एमबीआर डिस्कवर इन्स्टॉल होतं. ५०० जीबीला जीपीटीची सक्ती नाही, एमबीआरची मर्यादा २ टीबीची आहे. पण मी म्हणेन, त्या हार्ड डिस्कला हातच लावू नका. २४० जीबीची एसएसडी (चिपवाली वेगवान डिस्क) बसवा, ४ जीबीची डीडीआर-३ रॅम वाढवा आणि कोऱ्या एसएसडीवर यूईएफआयमधून विंडोज टाका. जुनी डिस्क काढून नाव लिहून कपाटात. उदबत्ती विझायच्या आत डेस्कटॉप येईल.

प्रतिसाद २ (कळफलक)

विंडोज ११ चा नाद सोडा. अधिकृतपणे आठव्या पिढीचा इंटेल आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. रुफस नावाच्या सॉफ्टवेअरने ती तपासणी टाळून इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह बनतो, चालतंही. पण पुढच्या अपडेटची हमी नाही. लोकांच्या ठेवींच्या मशीनवर असले प्रयोग नकोत. शिवाय ११ ची ३२ बिट आवृत्तीच नाही, आणि ६४ बिट विंडोज १६ बिटचे डॉस प्रोग्रॅम चालवत नाही. तुमचं फॉक्सप्रो तिथेच अडकतंय.

म्हणून ते एक मशीन ३२ बिटच ठेवा, नेटची केबल काढून. बाकी चारांवर विंडोज १० प्रो ६४ बिट आणि वाढीव सुरक्षा अपडेट. संस्थांना पहिल्या वर्षी दर मशीनला ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. मंडळापुढे हा आकडा ठेवा, नवीन मशीनचा ठराव आपोआप पुढे सरकेल!

फाँटच्या टीटीएफ फाइल विंडोजच्या फाँट्स फोल्डरमधून आधीच काढून ठेवा. पासबुक प्रिंटरच्या सेटिंगचे, विशेषतः कागदाच्या मापाचे, फोटो घ्या. नाहीतर नोंद नेमकी पासबुकाच्या घडीवर छापली जाते आणि खातेदार काउंटरवर उभा.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. एसएसडीचं कोटेशन मागवलंय. तीन डब्यांवर विंडोज ८ प्रोचं स्टिकर आहे, दोघांवर ७ चं, त्यातली एक की (लायसन्सचा क्रमांक) पुसलेली.

प्रतिसाद ३ (जुनाखोका)

८ वाल्यांची की बायोसमध्येच (मदरबोर्डवरच्या चिपमध्ये) असते. त्यावर पूर्वी १० रीतसर ॲक्टिव्हेट झालं असेल तर मदरबोर्ड बदललेला नसला की पुन्हा आपोआप होतं. की विचारली तर 'माझ्याकडे नाही' निवडा, फक्त आवृत्ती प्रोच घ्या. ७ वाल्यांचं आत्ताच सेटिंगमध्ये ॲक्टिव्हेशन बघून घ्या. कोपऱ्यात ती ओळ असेल तर लायसन्स विकत घ्यावं लागेल.

धागाकर्ता

ती ओळ नेमकी त्या दोघांवरच आहे. म्हणजे दोन लायसन्स धरतो. आता एकच : ते ३२ बिटचं मशीन उद्या बसलं तर फॉक्सप्रोसाठी ६४ बिटवर व्हीडॉस (डॉसचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर) कोणी वापरलंय का? त्यातून डॉट मॅट्रिक्सवर खातेउतारा नीट निघतो का?