घरातली ज्योत सांभाळताना : मेणबत्ती, पणती, समई

दिवाळी तोंडावर आली की घरात एरवीच्या दसपट ज्योती पेटतात. मेणाशी, वातीशी, आगीशी ज्यांचा रोजचा संबंध आहे त्यांनी इथे लिहावं. किस्से नकोत. काय करायचं, किती अंतर, किती वेळ, आणि बिघडतं ते कशामुळे, एवढंच.

मेणबत्त्या बनवणारी

वातीपासून सुरुवात करते, कारण बहुतेक भानगडी तिथेच असतात. जळते ती मेणाची वाफ. वात वितळलेलं मेण वर ओढते, टोकाशी त्याची वाफ होते आणि ती पेटते. वात लांब म्हणजे वाफ जास्त, म्हणजे ज्योत मोठी. म्हणून दर वेळी लावण्याआधी, मेण गार असताना, वात कापून ६ मिमी ठेवा; तुरीच्या दाण्याएवढी. टोकाला काळं बोंड धरलं, ज्योत धुरकट झाली किंवा वारा नसताना नाचू लागली की विझवा, गार होऊ द्या, कापा, मगच पुन्हा लावा.

कापलेला तुकडा किंवा काडेपेटीची काडी मेणात पडू देऊ नका. ती मेण पिते आणि दुसरी वात होते. बरणीत दोन ज्योती झाल्या की सगळं मेण भराभर तापतं आणि काच तडकते. काचेच्या बरणीतली मेणबत्ती सलग ४ तासांच्या वर नको, आणि तळाशी १ सेंमी मेण उरलं की ती संपली असं समजा. तेवढ्या मेणाचा मोह महागात पडतो, कारण त्यानंतर आच थेट बुडाला लागते.

घरी मेण वितळवणाऱ्यांनी पातेलं थेट गॅसवर ठेवू नये. मोठ्या भांड्यात पाणी, त्यात मेणाचं भांडं. पाणी उकळत असेतो मेण १०० अंशांपुढे जात नाही. थेट आचेवर ते २०० च्या पुढे जातं आणि मग त्याच्या वाफा पेट घेतात. पाणी आटतंय का, यावर मात्र लक्ष हवं.

अग्निशमनाचं काम केलेला

वर वाफेचं आलंच आहे, त्याला जोडून. पेटलेल्या मेणावर किंवा तेलावर पाणी कधीही नाही. पाणी जड, ते खाली जातं, तिथे त्याची क्षणात वाफ होते. एक वाटी पाण्याची सुमारे १७०० वाट्या वाफ. ती वाफ पेटतं मेण फवाऱ्यासारखं वर उडवते. गॅस बंद करा, भांड्यावर ताट बाजूने सरकवत झाका आणि पूर्ण गार होईपर्यंत उचलू नका. घाईने ताट काढलं की हवा मिळते आणि पुन्हा भडका उडतो. पेटलेलं भांडं उचलून बाहेर न्यायला जाऊ नका. हात भाजतो, भांडं सुटतं.

अंतर: जळू शकणाऱ्या कशापासूनही बाजूने किमान ३० सेंमी. वरचं अंतर लोक विसरतात. गरम हवा सरळ वर जाते, त्यामुळे फळीखाली, मांडणीच्या कप्प्यात किंवा टीव्हीखाली मेणबत्ती नको. पंखा चालू असलेल्या खोलीत हे अंतरही पुरत नाही, पडदा झुळकीसरशी तीस सेंमी सहज ओलांडतो. आग आवाक्याबाहेर वाटली तर दार ओढून बाहेर पडा आणि १०१ किंवा ११२ लावा.

अनेक वर्षं देवघराची व्यवस्था बघणारी

नवी पणती आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवावी, नाहीतर माती तेल पिते आणि खालच्या कागदाला, लाकडाला तेल लागतं. समईची वात काठाबाहेर लोंबली की तेल वातीवरून खाली ओघळतं, म्हणून खाली ताम्हण हवंच. लाकडी देव्हाऱ्याच्या आत समई ठेवू नये, निरांजनही आरती झाली की बाहेर काढावं.

आणि उंदीर! तेल-तुपाच्या वासाने तो पेटती वात ओढून नेतो, कपाटामागे नाहीतर गादीखाली. रात्री झोपण्याआधी दिवा शांत करावा. ‘विझवला’ म्हणायला जीभ रेटत नाही म्हणून तो जळत ठेवायचा, असं कुठल्याही शास्त्रात नाही. अखंड दिवा असेल तर काचेची हंडी आणि जागं माणूस, दोन्ही हवं.

मेणबत्त्या बनवणारी

विझवण्यावरून आठवलं: फुंकर मारू नका, मेण उडतं. उलटी स्टीलची वाटी किंवा चमचा ज्योतीवर धरा. नंतर निघणारा पांढरा धूर म्हणजे न जळलेली मेणाची वाफच. त्याजवळ काडी नेली तर तो पेट घेतो.

केक आणि वाढदिवसांची सजावट करणारा

मेणबत्त्या पेटलेल्या असताना स्नो स्प्रे बंद. डब्यातला दाबाखालचा वायू बहुधा ज्वलनशील असतो, आणि फवारा नेमका मुलाच्या चेहऱ्याकडे जातो. वर तरंगणारे फुगेही केकपासून लांब ठेवा. काहींत हेलियमऐवजी हायड्रोजन असतो आणि बघून ओळखता येत नाही. ठिणग्या उडवणारी मेणबत्ती तर मेणबत्ती नव्हेच, ती फुलबाजीची बहीण. ८ डिसेंबर २०२३ ला पिंपरी-चिंचवडमधल्या तळवड्यात असा माल बनवणाऱ्या कारखान्याला आग लागून तिथल्या कामगार महिलांचे जीव गेले. घरात, फॉल्स सीलिंगखाली, ती लावू नका.

विजेची कामं करणारा

वीज गेल्यावर आधी टॉर्च. गॅसचा वास येत असेल तर काडी ओढू नका, कुठलंही बटण दाबू नका, खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा, बाहेर येऊन १९०६ लावा. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. मेणबत्ती लावायचीच तर प्लास्टिकच्या झाकणावर चिकटवू नका. वाळू भरलेल्या स्टीलच्या डब्यात २-३ सेंमी खोल रोवा.

परिचारिका

पणत्या लावताना पदर खोचून घ्या, ओढणी काढून ठेवा. सॅनिटायझर लावलेला हात पूर्ण वाळल्याशिवाय काडी ओढू नका, त्याची ज्योत उजेडात नीट दिसतही नाही. कपड्यांनी पेट घेतला तर पळायचं नाही. तोंड हातांनी झाकून जमिनीवर लोळायचं. भाजलं तर २० मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही नको. कातडीला चिकटलेलं मेण ओढून काढू नका.

बॅटरीवरच्या मेणबत्त्या आणणाऱ्यांना एक सूचना: बटणासारखा सेल असेल तर कप्प्याला स्क्रू आहे ना, ते घेतानाच पाहा. लहान मुलाने तो सेल गिळला तर अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते. उलटी करवू नका, थेट रुग्णालयात न्या.