मदत हवी आहे : पद्मिनीचं इंजिन बांधल्यावर गरम होऊन बंद पडतंय

मंडळी, वडिलांची १९८९ची प्रीमियर पद्मिनी आहे. इंजिन नुकतंच पूर्ण उतरवलं: बोअरिंग (सिलिंडर आतून घासून नीट करणं), नवे पिस्टन-रिंगा, बेअरिंग, हेड गॅस्केट (इंजिनचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील). सकाळी पहिल्या सेल्फला चालू होते, पण गरम झाली की मिसफायर (सिलिंडरात इंधन नीट न पेटणं) सुरू, चढाला दम टाकते आणि शेवटी बंद.

प्लग काढले तर १ आणि ४ नंबरचे छान तपकिरी. २ आणि ३चे मात्र धुतल्यासारखे स्वच्छ. कॉम्प्रेशन (सिलिंडरातला दाब) टोकाच्या सिलिंडरांना १४० पीएसआय, मधल्या दोघांना जेमतेम ९०. इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून चालू केलं की पाण्यात बुडबुडे येतात.

मेकॅनिक म्हणतात, रिंगा बसायच्यात, हजार किलोमीटर चालवा. मला पटत नाही. रिंगांचा प्रश्न असता तर चारही सिलिंडर कमी दाखवले असते, शेजारचे दोनच कसे?

मला वाटतं २ आणि ३च्या मधे गॅस्केट गळतंय. हेड अॅल्युमिनियमचं, त्यामुळे वाकलं असेल अशी शंका आहे. नुसतं गॅस्केट बदलून बोल्ट ठरलेल्या टॉर्कने (जोराने) आवळू, की हेडचं फेसिंग (घासून सपाट करणं) करूनच घेऊ? ब्लॉकचा माथाही तपासावा का? कोल्हापूरच्या उद्यमनगरात हे काम नीट करणारं कुणी माहीत असेल तर कृपया सांगा. तोवर गाडी चालवत नाही.